वजन घटविणारी स्मार्टफोन अ‍ॅप्स : दावे, पुरावे आणि मर्यादा

प्रस्तावना

स्थूलतेकडे आळसाचे किंवा जिभेच्या चोचल्यांचे फळ म्हणून पाहण्याची रीत समाजात जुनी आहे. वैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत ही रीत बरीचशी सोडली आहे. आनुवंशिकता, संप्रेरके, अन्नाची उपलब्धता, कामाचे स्वरूप, झोप अशा अनेक घटकांतून उद्भवणारा दीर्घकालीन विकार म्हणून तिची आता गणना होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे अथवा स्थूल आढळले. एवढ्या माणसांना ठरावीक दिवशी समोर बसवून सल्ला देता येईल इतके आहारतज्ज्ञ ना महानगरांत आहेत ना तालुक्याच्या गावी. स्मार्टफोनवरील अ‍ॅपचे आकर्षण या उणिवेतून निर्माण झाले आहे. फोन प्रत्येकाच्या खिशात असतो, तो थकत नाही, त्याला वेतन द्यावे लागत नाही आणि एकदा तयार केलेले अ‍ॅप हजारांना पुरते तसे लाखोंनाही पुरते.

या अ‍ॅप्सचे सर्वसाधारण स्वरूप आता परिचित आहे. वापरकर्त्याने वय, उंची, वजन आणि अपेक्षित घट भरावी. अ‍ॅपने रोजच्या उष्मांकांची मर्यादा ठरवून द्यावी. खाल्लेला प्रत्येक पदार्थ व चाललेले प्रत्येक पाऊल नोंदले जावे आणि दिवसाअखेर शिल्लक दाखविली जावी. मायफिटनेसपाल (२००५), नूम (२००८) आणि बंगळूरु येथे २०१२ मध्ये स्थापन झालेले हेल्थीफायमी ही यातील सर्वपरिचित नावे. यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात परिचय व स्वागत अधिक, चिकित्सा कमी. प्रस्तुत लेखात या विषयावरील काही महत्त्वाच्या चाचण्यांचे चिकित्सक वाचन केले आहे. वजन जेव्हा घटले तेव्हा ते अ‍ॅपमुळे घटले की अ‍ॅपच्या मागे बसलेल्या माणसामुळे, हा या वाचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

नोंदवही आणि ती वाचणारा

खाण्याची नोंद ठेवल्याने वजन आटोक्यात येण्यास मदत होते, हा शोध अ‍ॅप-युगाचा नाही. वर्तनोपचाराच्या परंपरेत कागदी आहार-दैनंदिनी फार पूर्वीपासून वापरात आहे. बर्क आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २२ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा स्व-नोंद आणि वजनघट यांचा संबंध सातत्याने दिसून आला. मात्र हा संबंध आहे. त्याला कारण म्हणता येईलच असे नाही. जो माणूस रोज न चुकता नोंद करतो तो बहुधा इतर पथ्येही पाळत असतो आणि ज्याचे वजन उतरू लागते त्याला नोंद करण्याचा उत्साहही टिकतो. आढाव्यातील अभ्यासांच्या दर्जाबद्दल त्याच्या लेखकांनीही सावधगिरी बाळगली आहे. अ‍ॅपच्या जाहिरातींत ही सावधगिरी क्वचितच आढळते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागदी दैनंदिनीच्या काळात तिला एक वाचक होता. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध कार्यक्रमाचे (२००२) उदाहरण येथे उपयुक्त ठरते. ३२३४ व्यक्तींच्या या चाचणीत जीवनशैली-बदलाच्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले. या यशात आहार-नोंदीचा वाटा होता, परंतु पहिल्या २४ आठवड्यांत प्रत्येक व्यक्तीला मार्गदर्शकासमोर बसून १६ पाठ पूर्ण करावयाचे होते. लिहिलेली पाने मार्गदर्शक पाहत असे, त्यांवर बोलत असे आणि अडचण कोठे आहे हे विचारत असे. नोंद ही त्या संवादाची सामग्री होती. अ‍ॅपने ही सामग्री उचलली आणि संवाद मागे ठेवला, असे म्हणण्यास आधार आहे. पगोटो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वजन घटविणाऱ्या ३० अ‍ॅप्सची तपासणी केली. याच कार्यक्रमातील २० वर्तन-तंत्रांपैकी सरासरी एक-पंचमांशाहूनही कमी तंत्रे त्यांत सापडली. पाकिटावरील बारकोड वाचण्याची सोय मात्र निम्म्याहून अधिक अ‍ॅप्समध्ये होती.

बारकोडचा हा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण अ‍ॅपच्या स्वभावाविषयी तो पुष्कळ सांगून जातो. पाकिटातील बिस्किटे एका क्षणात नोंदवता येतात. घरच्या मेथीच्या भाजीसाठी मात्र शोध घ्यावा लागतो, माप अंदाजाने टाकावे लागते आणि शेवटी कोणा अनोळखी वापरकर्त्याने केव्हातरी भरलेला आकडा स्वीकारावा लागतो. जे साधन नोंदीच्या सुलभतेवर उभे आहे, ते नकळत कारखान्यातील अन्नाला झुकते माप देते.

चाचण्या काय सांगतात

लेइंग आणि सहकाऱ्यांची २०१४ मधील चाचणी या क्षेत्रात वारंवार उद्धृत होते, आणि ते योग्यच आहे. कारण प्रत्यक्ष बाजारात मिळणारे अ‍ॅप प्रत्यक्ष दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांच्या हाती देऊन पाहण्याचे साधे काम तिने केले. जादा वजनाच्या २१२ रुग्णांपैकी निम्म्यांना मायफिटनेसपाल देण्यात आले, तर उरलेल्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील सरासरी फरक सुमारे ३०० ग्रॅम भरला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो शून्याहून वेगळा नव्हता. पहिल्या महिन्यानंतर अ‍ॅप उघडण्याचे प्रमाण झपाट्याने घसरले होते. तरीही बहुतेक वापरकर्त्यांनी अ‍ॅपबद्दल समाधानच व्यक्त केले. समाधान आणि परिणाम या दोन स्वतंत्र राशी आहेत. अ‍ॅप-विक्रीच्या पानावरील तारांकित अभिप्राय यांपैकी पहिलीच राशी मोजतात.

पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, स्वेट्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात केलेली दोन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत १८ ते ३५ वयोगटातील ३६५ व्यक्ती तीन गटांत विभागल्या होत्या. पहिल्या गटाला खास संशोधकांनी तयार केलेले अ‍ॅप मिळाले, दुसऱ्याला प्रशिक्षकाचे मार्गदर्शन आणि नोंदीसाठी फोन, तर तिसरा गट तुलनेसाठी होता. दोन वर्षांअखेर सरासरी घट अनुक्रमे ०.९९, २.४५ आणि १.४४ किलो होती. म्हणजे केवळ अ‍ॅप मिळालेला गट तुलना-गटाच्याही मागे राहिला. सहा महिन्यांच्या टप्प्यावर मार्गदर्शनाच्या गटाची आघाडी स्पष्ट होती. पुढे ती संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. फोन दोन्ही गटांच्या हाती होता. फरक पडला तो दुसऱ्या टोकाला कोणी आहे की नाही याचा, आणि प्रारंभीचे साप्ताहिक वर्ग संपून मासिक दूरध्वनी उरले तसतसा तोही विरत गेला. मार्गदर्शनाची बाजू घेणाऱ्यांनी हा दुसरा भाग झाकून ठेवणे उचित होणार नाही. माणसाचा सल्लाही विरळ झाला की क्षीण होतो.

पिट्सबर्ग विद्यापीठातील जॅकिसिक आणि सहकाऱ्यांची २०१६ मधील चाचणी अधिकच विचार करावयास लावते. सुमारे ४७० तरुण प्रौढांना पहिले सहा महिने सारखाच आहार, व्यायाम आणि गट-मार्गदर्शन मिळाले. त्यानंतर अर्ध्यांनी संकेतस्थळावर स्वतः नोंद ठेवावयाची होती, तर अर्ध्यांना हालचाल मोजणारे अंगावर बांधावयाचे यंत्र देण्यात आले. दोन वर्षांअखेर यंत्र न वापरणाऱ्यांचे वजन सरासरी ५.९ किलोंनी, तर यंत्र वापरणाऱ्यांचे ३.५ किलोंनी कमी झाले होते. यंत्राने अपाय केला असा निष्कर्ष घाईचा ठरेल. त्या काळचे यंत्र आजच्या मानाने ओबडधोबड होते. परंतु अधिक मोजमाप म्हणजे अधिक परिणाम हे गृहीतक मात्र या आकड्यांपुढे उभे राहत नाही. आज १०,००० पावले चाललो, आता थोडे खाल्ले तरी चालेल, अशी सूट माणूस स्वतःला देत असावा, हा तर्क अनेकांनी मांडला आहे. (खुद्द १०,००० हा आकडाही १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला, कोणा वैद्यकीय प्रयोगातून नव्हे.)

स्वयंचलित संदेशांनी मार्गदर्शकाची जागा घेता येईल का, याचेही उत्तर शोधले गेले आहे. बर्क आणि सहकाऱ्यांच्या २०२२ मधील चाचणीत ५०२ प्रौढांना नोंदीची सर्व डिजिटल साधने देण्यात आली आणि त्यांतील निम्म्यांना त्यांच्याच नोंदींवर आधारलेले संदेश फोनवर येत राहिले. सहा आणि बारा महिन्यांनी दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. कॉक्रेन संस्थेने २०२४ मध्ये १८ चाचण्यांचा आणि २७०३ व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध केला, त्याचाही सूर हाच आहे: परिणाम झाला असल्यास तो लहान, आणि पुराव्याची खात्री कमी ते अत्यंत कमी.

गळालेल्यांचा हिशेब

वरील निष्कर्षांशी विसंगत वाटावा असा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नूम वापरणाऱ्या ३५,९२१ व्यक्तींच्या नोंदींवर तो आधारलेला होता आणि त्यांपैकी ७७.९ टक्क्यांनी वजन घटल्याचे नोंदविले होते. एवढी मोठी संख्या आणि एवढे मोठे यश पाहून वाचक प्रभावित होणे स्वाभाविक आहे. परंतु या ३५,९२१ जणांची निवड कशी झाली हे पाहिले की चित्र पालटते. सलग सहा महिने, दर महिन्यास किमान दोनदा नोंद करणाऱ्यांचाच त्यांत समावेश होता. ज्यांनी आठवडाभर वापरून अ‍ॅप काढून टाकले, ज्यांचे वजन वाढले म्हणून ज्यांना ते उघडण्याची लाज वाटू लागली, ते सारे मोजणीच्या आधीच वगळले गेले. तुलना-गट नव्हता. वजनही वापरकर्त्यानेच सांगितलेले होते. एखाद्या महाविद्यालयाने केवळ अंतिम परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांवरून निकालाची टक्केवारी काढावी आणि प्रथम वर्षात प्रवेश घेऊन मध्येच शिक्षण सोडलेल्यांचा उल्लेखही करू नये, तसा हा प्रकार आहे. अध्यापकांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

अभ्यास खोटा आहे असे येथे सुचवावयाचे नाही. निवडीचा निकष त्याच्या लेखकांनी उघडपणे दिला आहे. टिकून राहिलेल्यांमध्ये कोणाचे वजन अधिक घटते, हा त्याचा खरा प्रश्न होता आणि त्यावर तो काही उपयुक्त सांगतोही. दोष आहे तो या आकड्याच्या पुढच्या प्रवासात. शास्त्रीय नियतकालिकातून वृत्तपत्रात आणि तेथून जाहिरातीत जाताना निकष गळतो आणि टक्केवारी तेवढी उरते.

कढईतील तेल

आतापर्यंतची चर्चा अमेरिकी चाचण्यांची झाली. भारतीय, विशेषतः मराठी घरात हे साधन येते तेव्हा मोजमापाचाच प्रश्न उभा राहतो. खाल्लेल्या अन्नाची नोंद कितपत विश्वसनीय असते? लिचमन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये, कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या १० स्थूल व्यक्तींचा प्रत्यक्ष ऊर्जाव्यय काटेकोर पद्धतीने मोजला. आपण जेवढे खाल्ले असे त्यांनी लिहिले होते, त्याहून प्रत्यक्ष आहार बराच अधिक होता. न्यूनता सरासरी ४७ टक्के होती. शारीरिक श्रम मात्र ५१ टक्क्यांनी वाढवून सांगितले गेले होते. हे लोक लबाड नव्हते. अन्नाचा अंदाज घेणे ही गोष्टच कठीण आहे.

ज्या स्वयंपाकात प्रत्येकाचे ताट वेगळे मोजून तयार होते, तेथे ही अडचण काहीशी कमी असते. मराठी घरात आमटी एका पातेल्यात होते आणि फोडणी डोळ्यांच्या अंदाजाने पडते. समजा, चार माणसांच्या घरात महिन्याला ३ किलो तेल लागते. प्रत्येकाच्या वाट्यास रोज २५ ग्रॅम, म्हणजे २२५ किलोकॅलरी येतात. हे तेल कोणाच्याही ताटात वेगळे दिसत नाही. वापरकर्ता ‘एक वाटी उसळ’ एवढेच नोंदवतो. ती वाटी आमटीची की वरणाची, काठोकाठ की अर्धी, उसळीवर तवंग होता की नाही, हे अ‍ॅपला कळण्याचा मार्ग नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दैनंदिन ऊर्जेची गरज सुमारे १६६० किलोकॅलरी आहे. तिने रोज ३०० ते ५०० किलोकॅलरींची तूट साधावी असे अ‍ॅप सांगते आणि नोंदीतील चूक सहजच तेवढी असू शकते. ज्या तराजूची चूक मोजावयाच्या वस्तूइतकी असते, त्याने दिवसाअखेर ‘३७ किलोकॅलरी शिल्लक’ असा आकडा दाखविणे हा अचूकतेचा आभास आहे.

देशी अ‍ॅप्सनी भाकरी, पोहे, थालीपीठ यांची नोंद सोपी केली आहे, हे मान्य करावयास हवे. मूळ अडचण त्याने सुटत नाही. भारतीय अन्नघटक कोष्टकांची २०१७ मधील आवृत्ती ५२८ खाद्यपदार्थांचे विश्लेषण देते, परंतु ते मुख्यतः कच्च्या पदार्थांचे आहे. शिजवलेल्या पदार्थात घराघरानुसार जो बदल होतो तो कोणत्याही कोष्टकात मावणारा नाही. शिवाय नोंद करणारा आणि स्वयंपाक करणारी या अनेकदा दोन व्यक्ती असतात. नोकरदार पुरुष अ‍ॅपमध्ये उष्मांक भरतो आणि कढईत किती तेल पडले हे जिला ठाऊक असते तिला कोणी विचारत नाही. ती स्वतः स्थूल असेल, तर सर्वांच्या शेवटी, उरलेले संपवीत जेवणाऱ्या त्या स्त्रीला स्वतःचे ताट कोणते हेच सांगणे अवघड असते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, पंगतीत आग्रहाचा जिलेबीचा वेढा, कोणाकडे गेल्यावर नाही म्हणता न येणारा चहा: हे सारे आहाराचे सामाजिक व्याकरण आहे. त्यात ‘मर्यादा ओलांडली’ या लाल अक्षरांना अर्थ फारसा नाही.

उष्मांकांच्या गणितातही एक जुनी चूक अनेक ठिकाणी चालू आहे. विश्नॉफ्स्की यांच्या १९५८ मधील लेखानंतर एक पौंड वजन म्हणजे ३५०० किलोकॅलरी, अर्थात एक किलो म्हणजे सुमारे ७७००, हे सूत्र रूढ झाले. रोज ५०० ची तूट ठेवली तर या सूत्राने वर्षात जवळजवळ २४ किलो घटावयास हवेत. प्रत्यक्षात वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही उतरतो. हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार रोजच्या आहारात सुमारे २४ किलोकॅलरींची कायम घट केली तर अखेरीस एक किलो उतरतो, आणि त्यातील निम्माच पहिल्या वर्षात. या हिशेबाने वरच्या उदाहरणात वर्षअखेर १० किलोंच्या आसपास घट होईल. मायफिटनेसपालमध्ये दिवसाची नोंद पूर्ण केली की प्रत्येक दिवस आजच्यासारखा गेल्यास पाच आठवड्यांनी वजन किती असेल याचे भाकीत दाखविण्याची सोय होती. अशी भाकिते सरळ रेषेत काढली जातात तेव्हा ती पहिले काही आठवडे खरी भासतात आणि मग वापरकर्त्याला खोटे पाडतात. रेषा चुकली असे त्याला वाटत नाही. आपणच कोठेतरी चुकलो असे वाटते.

वजन जास्त कोणाचे?

अ‍ॅप प्रथम बीएमआय काढते आणि त्यावरून वापरकर्त्यास एका कप्प्यात बसविते. २५ वर जादा वजन आणि ३० वर स्थूलता या जागतिक मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे सुचविले. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ मधील सहमती-पत्रकाने स्थूलतेची सीमा २५ वर आणली आणि कंबरेच्या घेरास महत्त्व दिले. याची कारणमीमांसा पुण्याशी निगडित आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के. एक छायाचित्र आणि चार आकडे यांत जे सांगितले गेले ते एरवी ग्रंथातही सावकाश उमगले असते.

परदेशी मर्यादांवर चालणारे अ‍ॅप २४ बीएमआय असलेल्या, पोट सुटलेल्या पुणेकरास निरोगी ठरवील आणि व्यायामाने पिळदार झालेल्या तरुणास कदाचित जादा वजनाचा. आकडा वजनाचाच असल्याने अ‍ॅपला कंबर दिसत नाही. ती मोजण्यास एक फीत आणि शेजारी कोणीतरी लागते.

अपयशाची मालकी

या विषयात खरोखर पणाला काय लागले आहे, हे अ‍ॅप सोडून देणाऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास कळते. औषध लागू पडले नाही तर डॉक्टर औषध बदलतो. अ‍ॅप लागू पडले नाही तर वापरकर्त्यात चिकाटी नव्हती असे म्हटले जाते, आणि तो स्वतःही तसेच म्हणतो. स्थूलतेला विकार मानण्याकडे वैद्यकशास्त्राने जी वाटचाल केली, तिच्या नेमकी उलट दिशेने हे साधन माणसास नेते. स्थूलता पुन्हा एकदा इच्छाशक्तीच्या हिशेबवहीत जमा होते. अमेरिकेत आहारविषयक मानसिक विकारांवर उपचार घेतलेल्या १०५ व्यक्तींच्या एका अभ्यासात (२०१७) सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी मायफिटनेसपाल वापरले होते आणि त्यांपैकी ७३ टक्क्यांना आपल्या विकारात त्याचा हातभार लागला असे वाटत होते. ही रुग्णांची स्वतःची धारणा आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरीही अ‍ॅप देण्यापूर्वी असा इतिहास विचारला जावा, इतके सांगण्यास ती पुरेशी आहे.

बाजाराने आपला कौल दरम्यान बदलला आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले. केवळ सल्ला आणि निष्क्रिय इंजेक्शन मिळालेल्या गटात २.४ टक्के. वर्तनशास्त्राच्या जोरावर वजन घटविण्याचे आश्वासन देणाऱ्या नूमने २०२३ मध्ये ही औषधे लिहून देणारी सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी वेटवॉचर्सनेही त्या व्यवसायात पाऊल टाकले. केवळ अ‍ॅप पुरेसे आहे यावर त्याच्या निर्मात्यांचाही विश्वास किती होता, याचा हा बोलका निर्देश मानावयास हरकत नाही. वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षे भरलेली माहिती मात्र कंपन्यांपाशीच राहते. मायफिटनेसपालच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती २०१८ मध्ये चोरीस गेली होती.

मग या साधनाचा उपयोग कोठे? ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२३ मध्ये काही डिजिटल सेवांना अटींसह संमती दिली, त्या सेवांत अ‍ॅपच्या पलीकडे आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि डॉक्टर यांचा चमू काम करतो. भारतातही रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याहून कितीतरी साधे काही करून दाखविले होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ नोकरदार पुरुषांना प्रारंभी तज्ज्ञांचा प्रत्यक्ष सल्ला मिळाला. नंतर निम्म्यांना नियमित लघुसंदेश जात राहिले. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला. ना उष्मांकांची मोजणी, ना आलेख. साधा फोन, आणि आधी झालेली एक भेट. स्वयंचलित संदेश निष्फळ ठरल्याच्या वर दिलेल्या अमेरिकी अनुभवाशी हे पूर्ण जुळत नाही, कारण येथे मोजमाप वजनाचे नसून मधुमेहाचे होते आणि माणसेही वेगळी होती. नेमक्या या विसंगतीवर भारतात संशोधन होणे आवश्यक आहे.

त्यासाठी प्रयोगशाळेचे मोठे साहित्य लागतेच असे नाही. गृहविज्ञान आणि अन्नशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयांना आपल्या परिसरातील शे-दीडशे घरांतील आमटी, झुणका, उसळ, सांबारे प्रत्यक्ष तोलून, प्रत्येक घराच्या वाटीचे माप घेऊन आणि महिन्याच्या तेलाचा हिशेब विचारून नोंदविता येतील. वऱ्हाडातील झुणका, कोल्हापुरी रस्सा आणि कोकणातील खोबऱ्याचे वाटण यांतील फरक आकड्यांत उतरला, तर अ‍ॅपमधील ‘एक वाटी’ या नोंदीत चूक किती हे प्रथमच सांगता येईल. आणि आठवड्यातून एकदा ती नोंद एखाद्या आहारतज्ज्ञाने वाचली तर काय होते व कोणीच वाचली नाही तर काय होते, याची तुलना त्याच घरांत वर्षभर करता येईल.